कवटीतला वास

"घासून भागलं असतं तर मी तोंड उघडलंच नसतं," कुंती म्हणाली. "मोदकांची डेगची आहे ती. वर्षातनं एकदा चुलीवर चढते. आणि तुम्ही करेमात तिच्यात बोकडाचं डोकं शिजवलंत."

"शिजवलं नाही, उकळलं," राधाकृष्ण म्हणाला. "मांस सुटायला."

"असं होय. मग देवाची काही हरकत नसेल."

करेम म्हणजे उपासाचे दिवस. चतुर्थी जवळ आली की बेटावरच्या सें पिएर गावातल्या मराठी घरांत मांसमच्छी बंद होते, आणि कुंतीच्या घरात तर मासे तळायची कढईसुद्धा कागदात गुंडाळून अडगळीत जाते. त्या सकाळी ती बाहेर गेली होती. परत येते तर मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, चुलीवर मोदकांची डेगची आणि डेगचीतून वर आलेली दोन शिंगं. नवरा शेजारी स्टुलावर बसून फ्रेंच मासिक वाचत होता.

व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी, चंपाआईंनी, तिथूनच साक्ष दिली. "मी सकाळपास्नं सांगतेय, घरात बोकडाचा लोदेर हाय. ह्यो म्हनतो, आई, तुला भास होतो."

चंपाआईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. समोरचा माणूस त्यांना ढगासारखा दिसे. पण नाक असं तिखट की तीन घरं पलीकडे कुणी लसूण सोलला तरी त्या कुणाची सून आज काय करतेय ते सांगत.

"एक सकाळ," कुंती म्हणाली. "एक सकाळ मी घराबाहेर गेले."

"तेच मी म्हणतोय," राधाकृष्ण म्हणाला. "एक सकाळ तू नव्हतीस तर घराची ही गत. रोज गेलीस तर काय होईल?"

गुन्हा आपण करायचा आणि तोच पुरावा म्हणून दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा, ही चाल कुंतीला नवी होती. तिने डेगची उचलली, राख घातली आणि ती इतक्या जोराने घासायला लागली की पुढचं भांडण डेगचीशीच झालं.

ती सकाळी गेली होती ती स्वेटरच्या कारखान्यात. ऐंशी सालानंतर बेटावर असे कारखाने बरेच निघाले होते, आणि सें पिएरहून रोज सकाळी बायकांनी भरलेली बस तिकडे जायची. शेजारची पुष्पावती त्या बसमध्ये असायची. कुंतीचा हात शिवणात चांगला. अर्ध्या गल्लीच्या पोलक्यांचे गळे तिनेच कापलेले. पुष्पावतीने तिचं नाव सांगितलं आणि त्या दिवशी कारखान्यात तिच्याकडून कॉलर शिवून घेतली. तिथली देखरेख करणारी बाई, मोठी खडूस, कॉलर उलटीसुलटी करून म्हणाली, ही टीप सरळ आहे, ही इथे जरा ओढली गेलीय, पुन्हा कर. कुंतीने पुन्हा केली. बाई म्हणाली, आता बरोबर. गणपती झाल्यावर सोमवारी ये, नाहीतर जागा दुसरीला देईन.

घरी परत येताना बसमध्ये कुंतीला हसू आवरत नव्हतं. नोकरीचं नव्हे, त्या ओढलेल्या टिपेचं. तिच्या हातच्या कामाकडे कुणी इतकं निरखून बघून इथे चुकलंय असं म्हटल्याला किती वर्षं झाली होती. घरात ती काहीही करो, राधाकृष्ण एकच बोलायचा, "बरं झालंय." कढी असो, खिचडी असो, एकदा तिने रागाने मुद्दाम अळणी वरण वाढलं तेव्हाही त्याने वरून मीठ घेतलं आणि म्हणाला, "बरं झालंय." कारखान्यातल्या खडूस बाईवर कुंतीचा जीव जडला तो असा.

आणि राधाकृष्ण म्हणत होता, नाही. त्याचं कारणही नेहमीचंच. आईकडे कोण बघणार? चूल कोण बघणार? कुसुमावतीची, त्यांच्या मुलीची, यंदा परीक्षा. ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते. राहिला तो एकटा.

खरं म्हणजे तो दिवसभर घरातच असायचा. राधाकृष्ण कवळ्या बनवायचा. पोरवयात तो रोझ हिलच्या एका दातांच्या डॉक्टरकडे झाडू मारायला लागला; झाडता झाडता त्याने प्लास्टर कालवायला घेतलं आणि पुढे डॉक्टरांचं सगळं कवळ्यांचं काम त्याच्याकडेच आलं. आता मागच्या शेडमध्ये त्याचं टेबल होतं. बसने लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, बसने त्यांचे दात परत जायचे. सें पिएरमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं. लग्नाला गेला की तो नवरीकडे बघतच नसे. मांडवात फिरून कुणाची कवळी सैल झालीय ते बघे आणि जेवणाच्या आधी त्या माणसाला बाजूला घेऊन सावध करी. आखडू नव्हता, कंजूष नव्हता, दारू पीत नव्हता. कुंतीच्या आईने जावई पसंत केला तेव्हा ह्याच तीन गोष्टी बघितल्या होत्या. कवट्यांबद्दल विचारायचं कुणाला सुचलं नाही.

कवट्या डॉक्टरांच्या मासिकामुळे आल्या. तिथे पेशंटांसाठी ठेवलेली जुनी फ्रेंच मासिकं डॉक्टर त्याला देऊन टाकत. त्यातल्या एकात त्याने वाचलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या त्या महाकाय मांसखाऊ प्राण्याला, टिरानोसॉरसला, काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं आणि कशाचा वास येत होता, हे शास्त्रज्ञ त्याच्या नुसत्या कवटीवरून ओळखतात. मेंदू कुजून गेलेला असतो, पण मेंदूची पोकळी हाडात शिल्लक असते. तिचा साचा घ्यायचा. पुढच्या बाजूला दोन गड्डे निघतात, ते वासाचे. गड्डे मोठे तर नाक तिखट.

पोकळीचा साचा घ्यायचा, हे वाचून राधाकृष्ण उठून उभाच राहिला. जन्मभर तो दुसरं काय करत होता? कुंती तेव्हापासून म्हणायला लागली की ह्यांच्या धंद्यात एका अक्षराचा फरक पडलाय: कवळीतला ळ गेला आणि ट आला.

आधी कुत्र्याची कवटी झाली, मग माकडाची, आता बोकडाची. मानेकडच्या भोकातून तो साच्याचं रबर आत सोडायचा, ते आळलं की कवटी करवतीने अलगद कापायचा आणि मग हिरड्यांसाठी आणलेल्या गुलाबी मसाल्याचा मेंदू बनवायचा. शेडच्या फळीवर गुलाबी मेंदूंची ओळ लागली होती. शेवटी त्याने मासिकातले आकडे आणि चित्रं बघून त्या राक्षसी प्राण्याचाही मेंदू घडवला. एवढ्या मोठ्या जनावराचा मेंदू लांबट रताळ्याएवढा निघाला, आणि त्याच्या टोकाला दोन ठसठशीत गड्डे.

"सगळं नाकातच गेलं बिचाऱ्याचं," कुंती म्हणाली.

"हो," राधाकृष्ण म्हणाला आणि त्या गड्ड्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

ही कीर्ती कृष्णदेव मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर मराठी मंडळाचे अध्यक्ष, शनिवारी मुलांना मराठी शिकवायचे आणि दोन वर्षं पुण्यात राहून आलेले. तिथून आल्यापासून ते शुद्ध बोलत, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना लोक जरा घाबरून बेटाच्या बोलीत, क्रेओलमध्ये शिरत. मंडळात नेहमी भजन आणि भाषणं होतात, जरा विज्ञान व्हावं असं त्यांना वाटलं. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी दुपारी राधाकृष्णाने मराठीतून बोलावं असं ठरलं, आणि मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून मंडळाच्या दारावर लावलं: "विषय: महाकाय हिंस्र प्राण्याच्या कवटीतील वास. सर्वांनी अगत्य यावे. नंतर खीर."

आता सें पिएरमध्ये नाकाला येतो त्या वासाला सहसा कुणी वास म्हणत नाही. चांगला असो की घाण, तो लोदेर. आज्या-पणज्यांचा शब्द क्रेओलने केव्हाच गिळलेला. वास हा शब्द लोकांना माहीत आहे तो भजनातून, देवाचा वास. आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून, त्या आंब्याखाली बसू नको, तिथे वास आहे. म्हणजे तिथे कुणीतरी राहतं.

दोन दिवसांत गावभर झालं की राधाकृष्णाच्या शेडमधल्या कवटीत कुणीतरी राहतं.

पुष्पावतीने कुंपणावरून विचारलं की ते बाईमाणूस आहे का. दुकानात कुंतीला कापूर न मागता मिळाला. एका म्हातारीने तर कुंतीचे दोन्ही हात धरून सांगितलं की तू कारखान्यात जाणार आहेस ते बरं आहे पोरी, दिवसा तरी घराबाहेर राहशील. कुंतीने सगळ्यांना समजावलं. मग तिच्या लक्षात आलं की समजावलं की लोकांना जास्त खात्री पटते. कुसुमावतीने शाळेत तोंड दाखवणार नाही असं जाहीर केलं, तेही क्रेओलमध्ये, कारण रागावल्यावर तिचं मराठी पळून जाई.

रविवारी मंडळाचा हॉल असा भरला की मास्तरांचे डोळे पाणावले. विज्ञानाची एवढी आवड आपल्या समाजात आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पहिल्या दोन रांगांत म्हाताऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या ओटीत लिंबू होतं. स्वयंपाकघरात खिरीवर लक्ष ठेवायला नेमलेल्या बायकाही गॅस बारीक करून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. भूत रोज थोडंच बघायला मिळतं.

राधाकृष्णाने पांढरा सदरा घातला होता. त्याने बोकडाची कवटी दाखवली, मग गुलाबी मेंदू काढला. पहिल्या रांगेत चुळबुळ झाली.

"जनावर मेलं," तो म्हणाला. "मांस गेलं, डोळे गेले, वासही गेला. पण वास जिथं राहत होता ती खोली राहिली. ती केवढी आहे त्यावरून आपण सांगतो, तो केवढा होता."

"म्हंजे राहतच होता," एक म्हातारी शेजारणीला समाधानाने म्हणाली.

कुंती मधल्या रांगेत सासूबाईंचा हात धरून बसली होती. तिला वाटलं होतं आज हसं होणार. पण तो चांगला बोलत होता. त्या राक्षसी प्राण्याच्या डोळ्यांच्या खोबण्या पुढे बघणाऱ्या आहेत, म्हणजे सावज किती लांब आहे ते त्याला कळायचं. कानातलं हाड काडीसारखं बारीक, पाऊल वाजलं की त्याला समजायचं. आणि नाक. नाकाबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलला. ऊस तोडलेल्या शेताच्या पलीकडून, नदीच्या पलीकडून, दिसत नाही, ऐकू येत नाही असं काहीतरी ह्याच्यापर्यंत आपण होऊन चालत यायचं, असं तो म्हणाला, आणि कुंतीला वाटलं की हा एखाद्या गेलेल्या दोस्ताबद्दल बोलतोय.

तेवढ्यात खीर लागली.

आधी दाराशी उभ्या बायकांची नाकं वर झाली, मग मागच्या रांगेतली, मग सगळ्या हॉलची. खुर्च्या सरकल्या. राधाकृष्णाने समोर बघितलं, शंभर नाकं हवेत हुंगताहेत, आणि तो खूश झाला.

"बरोबर," तो म्हणाला, "अगदी असंच करत असेल तो."

हॉल फुटला. लोक हसत होते, बायका आत पळत होत्या, धूर दारातून डोकावत होता. चंपाआई बसल्या जागेवरून ओरडल्या, "राधा, दूध लागलंय रे."

"कुठे?" राधाकृष्ण म्हणाला, आणि डोळ्यांनी शोधायला लागला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. धूर दिसला तेव्हा कुठे त्याला कळलं.

सगळ्यांना तो विनोद वाटला. कुंतीला वाटला नाही. ती त्याच्याकडे बघत होती, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या त्या कवटीकडे बघत होत्या तशी.

घरी येताना ती सासूबाईंचा हात धरून त्याच्या पुढे चालत राहिली. राधाकृष्णाला वाटलं, डेगचीचा राग अजून आहे. पण कुंती मनातल्या मनात आपल्या घरातली हाडं गोळा करत होती. तिच्या अबोलीच्या गजऱ्यावर तो म्हणायचा, रंग छान आहे. खरं तर अबोलीला काही येतच नाही. पण मोगऱ्यावरही तो म्हणायचा, रंग छान आहे. मोगऱ्याला कसला रंग? मागच्या साली ती लालमती गावाला माहेरी गेली तेव्हा परत आल्यावर स्वयंपाकघराची एक भिंत नव्याने रंगवलेली होती, आणि तिने किती कौतुक केलं होतं. आणि बोकड. स्वतः करेम पाळणारा माणूस उकळत्या बोकडाच्या डेगचीला गुडघा लावून मासिक वाचत बसतो, आणि आईला भास होतो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये कुणाच्या तरी दाढा कानशीने घासत होता. कुंती आवाज न करता त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या हातात पेटवलेली उदबत्ती होती. धूर त्याच्या कानाजवळून पुढे जाईल अशी तिने ती धरली. तो घासत राहिला.

अंगणाच्या त्या टोकाला, व्हरांड्यातून, चंपाआईंचा आवाज आला. "कुंते, भर दुपारी उदबत्ती कुनी लावली?"

राधाकृष्णाने मान वर केली. "आईला पुन्हा भास होतोय," तो म्हणाला, आणि वळला, आणि उदबत्ती बघितली.

त्याने दाढ खाली ठेवली.

"कधीपासून?" कुंतीने विचारलं.

"जर्वेझ वादळाच्या साली. ताप आला होता ना, सिक्लोननंतर. ताप उतरला, हे गेलं ते गेलंच."

म्हणजे नऊ वर्षं. कुंतीला नऊ वर्षांच्या कढ्या आठवल्या.

तिने विचारलं, सांगितलं का नाही. तो म्हणाला, सांगून तू काय केलं असतंस. रोज विचारलं असतंस, आज काही लागतंय का? आणि रोज त्याला नाही म्हणावं लागलं असतं. नाक नसलं की कढी म्हणजे गरम आंबट पाणी, हे बायकोच्या तोंडावर कसं म्हणायचं? त्यापेक्षा बरं झालंय म्हटलेलं बरं.

"आणि भिंत?"

त्याने प्लास्टरने पांढरे झालेले हात सदऱ्याला पुसले. "तू लालमतीला होतीस तेव्हा. चुलीवर तेल ठेवलं आणि इकडे आलो. आई ओरडली म्हणून कळलं. ती आत होती, कुंती. तिला दिसत नाही, मला कळत नाही. तू रोज गेलीस आणि एक दिवस आई झोपलेली असली तर?"

म्हणजे हे होतं त्याच्या नाहीमागे. कुंती इतके दिवस त्याच्याशी भांडत होती ते, पुरुषमाणूस चुलीला हात लावायला लाजतो असं समजून. तिला त्याची कीव आली, आणि त्याच वेळी असाही राग आला की उदबत्ती त्याच्याच हातात देऊन ती निघून आली. नऊ वर्षं मोगरा माळला. निदान तेवढी फुलं देवाला तरी गेली असती.

पण व्हरांड्याशी आल्यावर तिची पावलं थांबली. चंपाआई नाक वर करून बसल्या होत्या आणि आपल्याशीच म्हणत होत्या की पलीकडे पुष्पावतीच्या घरी डाळ लागायला आलीय, अजून लागली नाही, पण आता लागेल. कुंती उभी राहून ऐकत राहिली. थोड्या वेळाने पलीकडून पुष्पावतीच्या मुलीची आरडाओरड ऐकू आली.

कुंतीने सासूबाईंची खुर्ची उचलायला त्यांना उठवलं आणि ती आत नेऊन ठेवली. चुलीपासून जरा लांब, पण दाराच्या वाऱ्यात नाही. चंपाआईंनी विचारलं, हे काय. कुंती म्हणाली, झोपायचं तेव्हा झोपा, पण चूल पेटलेली असताना नाही. चंपाआईंना ते बढतीसारखं वाटलं असावं; त्या ताठ बसल्या.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. राधाकृष्ण मान खाली घालून आला. कुसुमावती पुस्तक मांडीवर ठेवून जेवत होती. कुंतीने कढी वाढली. राधाकृष्णाने घास घेतला, सवयीने तोंड उघडलं, मग कुंतीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"काय लागतंय?" कुंतीने विचारलं.

"गरम," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आंबट. मीठ थोडं जास्त."

"जास्त आहेच," कुंती म्हणाली. तिला एकदम बरं वाटलं.

चंपाआई म्हणाल्या की फोडणीत मेथी जरा जळलीय, आपण मघाशीच सांगणार होतो. कुसुमावतीने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं की आज सगळ्यांना झालंय काय.

कुंतीने आपलं ताट पुढे ओढलं.

"गणपती झाल्यावर सोमवारपासून मी कारखान्यात जातेय," ती म्हणाली. "चूल हे बघतील. वास आई घेतील."